बोग्या बदलल्या आणि गाडी जास्तच घसरायला लागली

भाची_२३

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट उत्तर देता येणार नाही असं वाटतं.

माझे मामा गेल्या वर्षी गेले. त्यांच्या मॉडेल रेल्वेच्या एचओ मापाच्या, म्हणजे १:८७ च्या, तेवीस वाघिणी (मालडबे) माझ्याकडे आल्या. सगळ्या अमेरिकन रेल्वेच्या, साधारण १९५० ते ५५ या काळातल्या. चाळीस फुटी बंद डबे सर्वात जास्त, मग कोळशाच्या हॉपर, चार उघड्या वाघिणी आणि दोन टाक्या. मामांनी एकेक किट घेऊन स्वतः जोडलेल्या. मी शाळेत असताना त्यांच्या शेजारी बसून चिमट्याने कपलरच्या, म्हणजे डबे जोडणाऱ्या आकड्यांच्या, स्प्रिंगा लावून देत असे, त्यामुळे यातली एकही वाघीण मला टाकून द्यायची नाही.

चाकं सगळी जुनी प्लास्टिकची होती. त्यांच्यावर काळं पुट इतकं चढलं होतं की नखाने खरवडलं तर वळकटी निघायची. अठरा वाघिणी जोडल्या की इंजिन चढावर जागच्या जागी घसरायचं. म्हणून धातूची चाकं बसवायचं ठरवलं. पंधरा दिवसांत सहा वाघिणी झाल्या. तीन बंद डब्यांच्या पूर्ण बोग्या (डब्याखालच्या चाकांच्या चौकटी) बदलल्या, दोन हॉपरची फक्त चाकं, आणि एका उघड्या वाघिणीचीही फक्त चाकं. तिच्या बोग्या ओतीव धातूच्या आहेत, खऱ्या बारीक स्प्रिंगा असलेल्या, म्हणून त्या ठेवल्या.

आता अवस्था अशी:

तीन बंद डब्यांपैकी एक डबा एकाच सांध्यावर (रूळ फाटतो त्या जागी) दर वेळी रुळावरून उतरतो. आधी तो कधीच उतरत नव्हता.

दोन्ही हॉपर ढकलल्या की वीतभर जाऊन थांबतात. जुन्या घाणेरड्या चाकांवर त्या याहून जास्त लांब जात होत्या.

उघडी वाघीण रुळावर ठेवली की डीसीसीचा (गाड्या चालवायच्या डिजिटल पद्धतीचा) बूस्टर, म्हणजे रुळांना वीज देणारा डबा, लगेच बंद पडतो. उचलली की परत सुरू.

आणखी तीन गोष्टी, कदाचित महत्त्वाच्या नसतील. बोगीचे स्क्रू काढताना प्रत्येक डब्याच्या एकाच स्क्रूवर काहीतरी लाल वाळलेलं होतं. मला ती घाण वाटली, ब्लेडने खरवडून काढली आणि परत बसवताना दोन्ही स्क्रू घट्ट पिळले. दुसरं, एका डब्यातून करड्या रंगाची कागदासारखी चकती पडली, ती कुठे गेली कळलं नाही. तिसरं, प्रत्येक डब्याच्या पोटावर मामांनी पेन्सिलीने तीनचा आकडा लिहून पुढे उभ्या रेघा मारल्या आहेत. बहुतेकांवर ३॥। असं आहे. मला वाटलं तपासल्याच्या खुणा असतील.

उरलेल्या सतरा वाघिणींना हात लावायच्या आधी विचारते आहे. पूर्ण बोगी बदलावी की फक्त चाकं?

सांधेवाला

उत्तर देण्याआधी चार प्रश्न. डबा सांध्याच्या पात्यांवर उतरतो की पुढे फ्रॉगवर, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथे? ओढताना, ढकलताना की दोन्ही वेळा? डबा फिरवून उलटा लावला तर तीच बोगी उतरते की नेहमी पुढचीच उतरते? आणि प्रत्येक आसावर दोन चाकांमधलं अंतर मोजलंत का?

डबा फिरवून बघणं सगळ्यात आधी करा. तीच बोगी उतरली तर दोष डब्यात. बोगी बदलली पण जागा तीच राहिली, तर दोष रुळात. पाच मिनिटांचं काम आहे, पण अर्धा शोध त्यातच संपतो.

एक छोटी चाचणीही करा. आरशावर किंवा जाड काचेवर डबा ठेवा आणि आठही चाकांखाली कागदाची पट्टी सरकवून बघा.

भाची_२३

काल रात्री बसून सगळं केलं.

उतरतो फ्रॉगवर, ओढताना आणि ढकलताना दोन्ही वेळा. डबा फिरवला तर तीच बोगी उतरते, फक्त आता ती मागे असते. उतरायच्या आधी ‘टक्’ असा बारीक आवाज येतो.

काचेवर ठेवलं तर एका कोपऱ्यातल्या चाकाखालून कागद सहज आरपार जातो. तो कोपरा बोटाने दाबला की समोरचा तिरपा कोपरा उचलला जातो. 

चाकांचं अंतर तपासायचं गेज माझ्याकडे नाही, कॅलिपरने मोजलं. चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर सगळीकडे १४.४ मिलिमीटरच्या आसपास आहे, फक्त एका हॉपरच्या एका आसावर १३.९ भरलं.

जुना_गार्ड

ताई, तुमची तिसरी ‘महत्त्वाची नसलेली’ गोष्ट वाचली आणि पुढचं सगळं तसंच ठेवून आधी तुमच्या मामांना मनातल्या मनात नमस्कार केला.

३॥। म्हणजे पावणेचार. जुन्या हिशेबाच्या वह्यांत पूर्णांकापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. मामांनी वजन लिहून ठेवलं आहे, औंसांमध्ये. अमेरिकेत १९३५ साली मॉडेल रेल्वेवाल्यांची एनएमआरए ही संघटना झाली. तिची वजनाची शिफारस एचओसाठी अशी आहे: मूळ एक औंस, अधिक डब्याच्या लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. चाळीस फुटी डबा आपल्या मापात साडेपाच इंच भरतो. साडेपाचाचे निम्मे पावणेतीन, त्यात एक मिळवा, पावणेचार. ग्रॅममध्ये सांगायचं तर १०६. पन्नास फुटी डबा असेल तर त्यावर साडेचार, म्हणजे ४॥ सापडेल, शोधून बघा. प्रत्येक वाघीण त्यांनी काट्यावर चढवून मगच बंद केली आहे. तुम्हीही नवी चाकं घातल्यावर डिजिटल काट्यावर ठेवून बघा, कारण धातूच्या चाकांनी काही ग्रॅम वाढतात. ते वजन अगदी खाली, रुळाजवळ येतं म्हणून चांगलंच, पण आकडा माहीत असावा.

आता तो लाल ठिपका. ती घाण नव्हती. तिपाई कुठल्याही जमिनीवर ठेवा, डुगडुगत नाही. चौरंग डुगडुगतो. वाघिणीचं तेच आहे. दोन्ही बोग्या घट्ट पिळल्या की डबा चौरंग होतो. रुळात केसभर वर-खाली असलं की एक चाक हवेत राहतं, आणि ते नेमकं फ्रॉगच्या फटीशी हवेत असलं की कडा नको त्या बाजूला जाते. म्हणून एका टोकाच्या बोगीचा स्क्रू इतपत आवळायचा की बोगी डावी-उजवी मोकळी वळेल पण डबा तिच्यावर आडवा डुलणार नाही. दुसऱ्या टोकाचा स्क्रू आवळून मग अर्धा-पाऊण वेढा सैल सोडायचा, म्हणजे ती बोगी वळेलही आणि डुलेलही. तीन टेकू झाले. तुमच्या काचेवरच्या कागदाने हेच सांगितलं.

सैल सोडलेला स्क्रू धावताना हळूहळू उकलत जातो. तो उकलू नये म्हणून त्याच्या डोक्याच्या कडेला रंगाचा एक थेंब सोडतात. मामांनी बहुधा नेलपॉलिश वापरलं असेल, ते पातळ असतं आणि पुढे स्क्रू काढायचा झाला तर तडकून सुटतं. म्हणजे लाल ठिपका असलेला स्क्रू सैल बोगीचा होता. उरलेल्या सतरा वाघिणींवर ते ठिपके अजून असतील. स्क्रू काढायच्या आधी कुठल्या टोकाला आहेत ते लिहून घ्या. माझा अंदाज, सगळे एकाच टोकाला असतील, हातब्रेकचं चाक असलेल्या किंवा त्याच्या विरुद्ध. इतका शिस्तीचा माणूस टोक बदलत नाही.

करडी चकती म्हणजे फायबरचा वॉशर. बोगीची मधली आडवी पट्टी आणि डब्याचं पोट यांच्यामध्ये घालतात, कपलरची उंची जुळवण्यासाठी. ०.०१० आणि ०.०१५ इंच अशा दोन जाड्यांमध्ये मिळतात. एचओमध्ये कपलरचा मध्य रुळाच्या डोक्यापासून २५/६४ इंचावर, म्हणजे दहा मिलिमीटरला किंचित कमी उंचीवर हवा. तुमच्या डब्यातून वॉशर पडला, शिवाय नव्या बोगीची आडवी पट्टी जुनीपेक्षा खाली असणार, म्हणून ते टोक बसलं. तो ‘टक्’ आवाज माझ्या मते चाकाचा नाहीच. कपलरखाली जी वाकडी तार लोंबते, चुंबकाने कपलर उघडण्यासाठी असते ती, ती फ्रॉगला अडकते आहे. वाघिणीला तिथे ठेच लागते आणि आधीच हवेत असलेलं चाक उतरतं. दोन दोष एकत्र आले म्हणून एकाच सांध्यावर घडतंय. नुसता एक असता तर कदाचित चालून गेलं असतं.

कपलरची उंची डोळ्याने जुळवू नका. उंचीचं गेज घ्या, रुळावर ठेवायचा छोटा ठोकळा असतो, एका बाजूला कपलर आणि खाली त्या तारेसाठी पायरी. तार रुळाच्या डोक्यापासून सुमारे १/३२ इंच वर असली पाहिजे. आधी वॉशर घालून कपलर उंचीला आणा, मग तार बघा. तार आधी वाकवली की कपलर खालीच राहतो आणि शेजारच्या वाघिणीपासून चढावाच्या तोंडाशी सुटतो. हा क्रम मी बरीच वर्षं उलटा करत होतो आणि चढावर गाडी तुटण्याचं कारण शोधत बसत होतो.

हॉपरचं दुखणं वेगळं. चाकाच्या आसाची दोन्ही टोकं सुईसारखी अणकुचीदार असतात आणि बोगीच्या बाजूच्या चौकटींमध्ये आतून शंकूच्या आकाराचे खळगे असतात. अणी खळग्याच्या तळाशी जेमतेम टेकली पाहिजे, तेवढ्या एका बिंदूवर चाक फिरतं. एचओचा आस एक इंचापेक्षा किंचित लांब असतो, पण किती किंचित ते प्रत्येक बनावटीत निराळं. जुना आणि नवा दोन्ही कॅलिपरमध्ये धरून बघा. नवा लांब असेल तर तो चौकटींना बाहेर रेटतो आणि जॅम होतो. आखूड असेल तर चाक खळग्यात खाली पडून तिरकं चालतं, डबाही तेवढा खाली बसतो. बोगी हातात धरून चाकाला फुंकर मारा. नीट बसलेलं चाक फुंकरीने फिरायला लागतं आणि थांबताना शेवटी एकदा किंचित मागे झुलून थांबतं. ते झुलणं दिसलं की समजायचं जमलं. कचकन थांबलं तर कुठेतरी घासतंय.

आस थोडाच लांब असेल तर खळगे साफ करायचं हत्यार मिळतं. आसाएवढाच छोटा दंडगोल, दोन्ही टोकांना साठ अंशांची कापणारी अणी. चाक काढून तो चौकटीत बसवायचा, बोटांनी दोन-तीन वेढे द्यायचे, कीस झटकायचा आणि परत चाक घालून फुंकर. एका दमात जास्त फिरवू नका, खळगा मोठा झाला की परत लहान होत नाही. ओतीव धातूच्या बोगीवर हे वापरू नका. आणि हॉपरच्या बोगीला ब्रेकचे ठोकळे साच्यातच असतील तर ते चाकाच्या धावेला टेकत नाहीत ना तेही बघा. जुनी प्लास्टिकची चाकं झिजून बारीक झालेली असतात, नवं चाक पूर्ण मापाचं येतं आणि ठोकळ्याला घासतं. कानशीचा एक हलका हात पुरतो.

तेल अजिबात नाही. या बोग्या ज्या निसरड्या प्लास्टिकच्या असतात त्याला तेलाची गरज नसते, आणि तेल धूळ धरून ठेवतं. तुम्ही नखाने खरवडलेली वळकटी बऱ्याच अंशी त्याच वाटेने येते. फार वाटलं तर चिमूटभर ग्राफाइटची भुकटी.

१३.९ चा आस मात्र आजच बाजूला काढा. एक चाक धरून दुसरं हलकेच पिळत बाहेर ओढा आणि परत मोजा. ते अंतर कमी असलं की चाक सांध्यातल्या आडरुळावर (चाकाला वाट दाखवणाऱ्या जोडरुळावर) चढतं. कॅलिपरपेक्षा एनएमआरएचं धातूचं गेज सोयीचं. त्याच एका पत्र्यावर चाकांचं अंतर, रुळाचं अंतर आणि सांध्यातल्या फटी सगळं तपासता येतं.

आणि मूळ प्रश्न, पूर्ण बोगी की नुसती चाकं. बाजूची चौकट वाकलेली नसेल, खळगे फाकलेले नसतील, तर बोगी ठेवा आणि चाकंच बदला. बोगी बदलली की उंची बदलते, स्क्रूचं भोक बदलतं, कधी चाकाची कडा डब्याच्या मधल्या तुळईला किंवा पायरीला घासू लागते. एक काम करायला गेलो आणि पाच मागे लागली असं होतं. मामांच्या बोग्या त्यांनी एकदा जुळवून ठेवलेल्या आहेत. त्यांना हात लावायला सबळ कारण हवं.

एक सबळ कारण मात्र असतं. तेवीस वाघिणींत एखादी अशी निघेल जिचा कपलर डब्याला नसून बोगीलाच चिकटलेला आहे. गाडी मागे ढकलताना सगळा रेटा त्या कपलरवाटे बोगीवर येतो आणि बोगी आडवी फिरते. तशी बोगी बदलाच. तिच्या जागी स्क्रूऐवजी प्लास्टिकची खुंटी दाबून बसवलेली असते, त्यामुळे डब्याच्या पोटाला मोठं भोक दिसेल. ते भोक स्टायरीन प्लास्टिकच्या गोल कांडीने बुजवा, द्रावण लावून दिवसभर वाळू द्या, मग कांडी पोटाशी समतल कापून नेमक्या मध्यावर १.८ मिलिमीटरचं नवं भोक पाडा आणि २-५६ मापाच्या स्क्रूचे आटे पाडा. मध्य चुकला तर डबा कायमचा एका बाजूला चालतो, म्हणून आधी टाचणीच्या टोकाने खूण करा. भोक पाडताना गिरमिट सरळ आहे की नाही ते दोन बाजूंनी बघा. कपलरची पेटी डब्याच्या पोटाला स्वतंत्र लावावी लागेल, तेही त्याच बैठकीत उरका.

निळी_ठिणगी

उघड्या वाघिणीचं मी सांगतो, कारण तिन्हीत सोपं तेच आहे.

धातूच्या बऱ्याच चाकजोड्यांत आसावरचं एकच चाक विद्युतरोधित असतं, दुसरं थेट आसाला जोडलेलं. प्लास्टिकच्या बोगीत हे कुठल्याही बाजूला आलं तरी चालतं. तुमची बोगी ओतीव धातूची. एका आसाचं रोधित चाक डावीकडे आणि दुसऱ्याचं उजवीकडे आलं की वीज उजव्या रुळातून पहिल्या आसावर, तिथून चौकटीत, चौकटीतून दुसऱ्या आसावर आणि डाव्या रुळात. वाघीणच तार झाली. बूस्टर बंद पडतो तो त्याचं काम करतो.

चाक नीट बघा. रोधित बाजूला आस आणि चाक यांच्यामध्ये प्लास्टिकची बारीक बांगडी दिसेल. दिसली नाही तर मल्टिमीटर लावून आसापासून प्रत्येक चाकापर्यंत तपासा. चारही आसांची रोधित चाकं एकाच बाजूला आणा. चारही म्हणतो आहे, एका बोगीतले दोन नव्हे. डब्याचा तळ धातूचा असेल तर दोन्ही बोग्या स्क्रूमधून एकमेकांना जोडलेल्या असतात.

आणखी एक पाऊल पुढे. तळ धातूचा, कपलर धातूचा आणि मध्ये काही रोधक नसेल, तर अशा दोन वाघिणी उलटसुलट जोडल्या की कपलरमधून तेच घडतं. एकेकटी ठेवली की काही नाही, जोडली की बंद. हे कळेपर्यंत मी एका संध्याकाळी सगळी तारजोडणी उचकटली होती. शक्य असेल तर धातूच्या बोगीसाठी दोन्ही चाकं रोधित असलेली किंवा प्लास्टिकच्या आसाची जोडी घ्या, मग बाजू लक्षात ठेवायची कटकटच नाही.

काळ_१९५३

सगळं यंत्राचं बोलणं झालं, मी दिसण्याचं बोलतो. तुमच्या मामांनी काळ ठरवून वाघिणी जोडल्या आहेत, तो बोगी बदलताना बिघडू नये.

नव्या बोग्या घेताना बाजूच्या चौकटीच्या टोकाकडे बघा. त्या काळच्या सर्वसाधारण वाघिणीला टोकाशी झाकण असलेली चौकोनी पेटी असते. आत तेलात भिजवलेल्या सुताचा बोळा असायचा, त्यावर आस फिरायचा. तेल संपलं की ती पेटी तापून पेटायची, म्हणून गार्ड आणि स्टेशनवरची माणसं जाणाऱ्या गाडीकडे धूर निघतोय का बघत उभी राहायची. टोकाला गोल टोपी दिसत असेल तर ती रोलर बेअरिंगची बोगी. मालवाहतुकीत ती सर्रास झाली १९६० च्या दशकात. १९५३ च्या कोळशाच्या हॉपरखाली ती शोभत नाही. उलट टोकाची चूक म्हणजे लोखंडी पट्ट्या बोल्टने जोडून केलेली जुनी आर्चबार बोगी. दुसऱ्या कंपनीच्या रुळावर जाणाऱ्या वाघिणींना तिची बंदी १९४० च्या सुमाराला झाली. कंपनीच्या स्वतःच्या कामाच्या डब्यांखाली ती पुढेही दिसायची, तिथे खुशाल लावा. तुम्हाला हवी ती एकसंध ओतीव पोलादाची, पेटी चौकटीतच ओतलेली. मॉडेलवाले तिला सरसकट बेटेनडॉर्फ म्हणतात, ते नाव ती काढणाऱ्या बंधूंचं, आयोवा राज्यातलं एक शहरही त्यांच्याच नावाचं आहे.

चाकं ३३ इंची घ्या, आपल्या मापात ९.६ मिलिमीटर. ३६ इंची, म्हणजे साडेदहा मिलिमीटरची, चाकं शंभर टनी वाघिणींसाठी, त्या नंतर आल्या. पन्नास टनी बोगीच्या दोन आसांमधलं अंतर साडेपाच फूट आणि सत्तर टनीचं पाच फूट आठ इंच. एचओमध्ये फरक अर्धा मिलिमीटरच पडतो, पण दोन्ही शेजारी ठेवल्या तर सत्तर टनीच्या जास्त स्प्रिंगांमुळे ती दणकट दिसते आणि डोळ्याला कळते. चाळीस फुटी बंद डब्याखाली पन्नास टनी लावा. सत्तर टनी मोठ्या हॉपरला.

चकचकीत चाक तसंच लावू नका. पेटीतलं तेल बाहेर उडायचं आणि त्यावर धूळ बसायची, म्हणून त्या काळच्या चाकाचा दर्शनी भाग काळपट, तेलकट, मळकट असायचा. गंजाचा तांबूस रंग रोलर बेअरिंगच्या चाकाचा, कारण तिथे तेल उडत नाही. तेव्हा काळ्यात थोडा तपकिरी मिसळून मॅट रंग द्या, धाव तेवढी चकचकीत ठेवा आणि आसाच्या अणीला रंग लागू देऊ नका. अणीवर रंगाचा कण बसला की जुना_गार्ड यांची फुंकर वाया जाईल.

भाची_२३

सर्वांचे मनापासून आभार. आज दहा दिवसांनी लिहिते आहे, कारण सगळं करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

काका, तुमचा अंदाज बरोबर निघाला. सतराही वाघिणींचे लाल ठिपके हातब्रेकच्या टोकालाच आहेत. मामीला विचारलं. ती म्हणाली, तिच्या नेलपॉलिशची बाटली मामांच्या हत्यारांच्या पेटीत असायची आणि ती कधी परत मागायची नाही.

उतरणाऱ्या डब्याचा कपलर उंचीच्या गेजवर १/३२ इंच खाली होता. ०.०१५ चे दोन वॉशर घातले आणि बरोबर जुळला. तारेला हात लावावा लागला नाही. हातब्रेककडचा स्क्रू पाऊण वेढा सैल केला. काचेवर आता कागद कुठेच आत जात नाही, आठही चाकं टेकतात. त्या सांध्यावरून वीस वेळा नेला, दहा वेळा ढकलून. एकदाही नाही उतरला, आणि ‘टक्’ पण गेला. बाकीच्या दोन बंद डब्यांचे स्क्रूही तसेच सैल केले.

हॉपरचा जुना आस २५.८ भरला, नवा २६.२. साफ करायचं हत्यार मागवलं, दोन-दोन वेढे दिले. एका चौकटीत ब्रेकचा ठोकळाही घासत होता, चाकाच्या धावेवर बारीक चमकदार चरा उठला होता त्यावरून कळलं. आता फुंकर मारली की चाक फिरतं आणि थांबताना मागे झुलतं. ते झुलणं मी किती वेळ बघत बसले सांगता येत नाही. १३.९ चा आस १४.४ वर आणला.

उघड्या वाघिणीत चारपैकी एकच आस उलटा होता. फिरवला, काम झालं.

काळ_१९५३, तुमचं वाचून मी नव्या घेतलेल्या बोग्या परत बघितल्या. तीनपैकी एका जोडीला गोल टोपी आहे. ती जोडी काढून मामांची जुनी बोगी परत लावली, नवी चाकं तिच्यात घातली. पुढच्या सतराही तशाच करणार आहे, बोगी मामांची आणि चाकं नवी. बोगीला कपलर चिकटलेली एक टाकी निघाली, तिचं भोक बुजवून ठेवलं आहे, अजून वाळतंय.

पन्नास फुटी एकच डबा आहे आणि त्यावर खरंच ४॥ आहे.

एक डबा मात्र निराळा निघाला. चाळीस फुटीच, पण पोटावर ३॥ आणि त्यापुढे पेन्सिलीने लहान अक्षरात ‘पाव बाकी’. काट्यावर ठेवला तर नव्या चाकांसकट शंभरच्या आत. छप्पर स्क्रूने बसवलेलं होतं, चिकटवलेलं नव्हतं, म्हणजे ते परत उघडायचं त्यांच्या मनात होतं. उघडलं, तळाशी दोन्ही टोकांना सारखी अशी शिशाची पट्टी चिकटवली, बंद केला, १०६ भरले. त्यांच्या अक्षराखाली मी ३॥। लिहिलं.

आता त्या डब्याच्या सैल स्क्रूवर थेंब सोडायचा आहे. मामीने तीच बाटली दिली, पण आतलं पार घट्ट झालंय. नेलपॉलिश पातळ करण्यासाठी रिमूव्हर घातलं तर पकड कमी होते का? कुणी करून पाहिलं असेल तर सांगा.

जुना_गार्ड

रिमूव्हर नको, पकड जाते आणि वाहून प्लास्टिकवर आलं तर पोटाचा रंगही खाईल. नेलपॉलिशचा स्वतंत्र थिनर मिळतो, त्याचे दोन थेंब बाटलीत टाका, रात्रभर उलटी ठेवा. थेंब टाचणीच्या डोक्याने सोडा, स्क्रूच्या कडेला, खाचेत नाही.